कोरडा खोकला

पहिल्या सेशनलला तीसपैकी अकरा.
फार्माकॉलॉजीचं पुस्तक तर मी अख्खं पिवळं केलं होतं,
हळद लावून बसवलेल्या नवरीसारखं,
आणि नवरीसारखंच ते
कुणी काही विचारलं की खाली बघायचं.

गोडांबे मॅडमनी चष्मा कपाळावर सरकवला.
"तुला पान आठवतं, शलाका. पानावरची जागासुद्धा आठवते.
तिथे लिहिलंय काय?"

तहसीन, माझी लॅबमधली जोडीदारीण,
पुस्तक मिटते आणि रफ वहीच्या मागे
उरलंय तेवढंच लिहिते.
मला ते वेडेपणाचं वाटायचं.
समोर आहे ते मिटायचं कशाला?
मिटलं एकदा. चार ओळी आल्या.
चाळीस पानांच्या चार ओळी.
कोपरखैरण्याच्या अभ्यासिकेत पंखा किरकिरत होता
आणि मी चुकून दुसऱ्याच्या घरात शिरल्यासारखी
माझ्याच वहीत उभी.

बाबा सव्वीस वर्षं वाशीच्या कांदा-बटाटा मार्केटात माथाडी.
रात्री एकला दिवा दिसला म्हणून डोकावले.
"आख्खा ट्रक एका पाठीवर उतरत नाय, पोरी.
खेपा कर."
आणि पाणी पिऊन झोपले.

केल्या खेपा.
सोमवारी उचललेलं गुरुवारी पुन्हा उचललं,
मधे थोडं सांडू दिलं.
सांडलेलं वेचताना ते हाताला लागतं,
हे कुठल्याच पानावर पिवळं नव्हतं.

तरी यादी ती यादीच.
एनालाप्रिल, रामिप्रिल, लिसिनोप्रिल.
दुष्परिणाम: चक्कर, पोटॅशियम, कोरडा खोकला.
च-पो-को.
भांडी घासताना चपोको,
घणसोलीच्या सिग्नलला चपोको,
एकदा रिक्षावाल्याने विचारलं, कुठे आलं हे?

आणि भिंतीपलीकडे आई खोकत होती.
तीन महिने.
चाळीतले, म्हणजे आता सोसायटीतले, सगळे म्हणायचे,
पावण्याच्या कंपन्यांची हवा.
रात्री वास येतोच; आम्ही खिडकी लावून घ्यायचो.
ज्येष्ठमध झालं, अडुळसा झाला.
मी कानात कापसाचे बोळे घालून
चपोको पाठ करत होते.

दुसऱ्या सेशनलच्या आदल्या रविवारी तहसीन म्हणाली,
"मला यातलं काही कळत नाही असं समज. खोकला का?"
"यादीत आहे."
"यादीत आहे म्हणून कुणी खोकत नाही गं."

मग मी अडखळत अडखळत:
एक एन्झाइम असतं. कात्री समज.
ती दोन ठिकाणी चालते.
एकीकडे कापते आणि रक्तदाब चढतो,
म्हणून गोळी तिची धार घालवते.
पण दुसरीकडे ती रोज एक काटेरी दोरा
कापून कापून संपवत असते.
धार गेली की तो साठत जातो,
घशात, छातीत, खाजवतो,
कफ नाही, ताप नाही, नुसतं रात्रभर

"थांबलीस का?"

घरी टीव्हीमागच्या स्टीलच्या डब्यात आईची पट्टी.
फॉइल फाटलेलं, नाव अर्धं उरलेलं:
…प्रिल.

(गोळी मी बंद केली नाही. एवढं मॅडमनी शिकवलं होतं.
सेक्टर सहाच्या दवाखान्यात दीड तास बसलो,
डॉक्टर माझ्याकडे बघत हं म्हणाले
आणि चिठ्ठी बदलली.)

सेशनलला हा धडा आलाच नाही.
मूत्रल औषधांवर दहा मार्क, आकृतीसह.
तीसपैकी एकोणीस.

महिना होत आला. काल रात्री अचानक जाग आली,
पलीकडे काही ऐकू येत नव्हतं म्हणून.
उठून गेले तर आई जागीच,
मेथी निवडत बसलेली.
"ती कात्री परत सांग," म्हणाली,
"सुमनला सांगितलं, तर ती म्हणते,
मग कात्री पोटात जाते का?"

सांगायला लागले.
दुसऱ्या दोऱ्याशी आईने विचारलं,
"पण मग बापूला तीच गोळी, तो कसा नाय खोकत?"

माहीत नव्हतं.
उठले, पुस्तक काढलं,
त्या जागी एक बारीक खूण केली.
पेन्सिलीने.